पावसाने झोडपलं की राजाने मारलं?

26 सप्टेंबर 2024 ला पंतप्रधान पुण्यात येणार होते. टिळक रस्त्यावरच्या एस. पी. कॉलेजच्या मैदानावर मांडव उभा होता, मेट्रोच्या नव्या टप्प्याचं उद्घाटन व्हायचं होतं. आदल्या दिवशी पावसाने शहराला असं काही धुतलं की मैदानाचा राडा झाला आणि दौराच रद्द करावा लागला. मग संध्याकाळी दूरदृश्य प्रणालीवरून पंतप्रधानांनी काही महासंगणक देशाला अर्पण केले. त्यांतला ‘अर्का’ बसवलाय आपल्या पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत. त्याचं काम हवामानाचे अंदाज बांधणं.

पुणेकराला एवढं पुरतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही फिरत नव्हतं. पावसाचं भाकीत सांगणाऱ्या यंत्राचा मुहूर्त पावसानेच हुकवला, वगैरे. मीही एक-दोन विनोद पुढे ढकलले. नंतर मात्र डोक्यात वेगळीच गोष्ट घोळत राहिली. यंत्र पाषाणला, राडा टिळक रस्त्याला. मधे रिक्षाने अर्ध्या तासाचं अंतर. मोसमी पावसावरचं देशातलं इतकं मोठं संशोधन ज्या शहरात चालतं, तिथले आपण प्रत्येक मोठ्या पावसाला जन्मात पहिल्यांदा पाऊस बघितल्यासारखे दचकतो. असं का व्हावं?

‘लोकांचा विज्ञानावर विश्वासच नाही’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. अमेरिकेत हवामानबदल खरा की खोटा यावरच पक्ष पडलेत, तिथे ते चालत असेल. पुण्यात हवामानबदल नाकारणारा माणूस मला अजून भेटायचाय. रिक्षावाला, मंडईतली मावशी, दाताचा डॉक्टर, सगळे एका सुरात सांगतात की हवामान बिघडलंय, पूर्वीचं पुणं राहिलं नाही. अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि सीव्होटर ही पाहणी करणारी संस्था यांनी 2021-22 मध्ये भारतभर पाहणी केली, तेव्हा 54 टक्के लोकांनी सांगितलं की जागतिक तापमानवाढीबद्दल आपण फारसं किंवा काहीच ऐकलेलं नाही. मग दोन ओळींत अर्थ समजावून दिल्यावर 84 टक्के म्हणाले, हो, हे तर चाललंय. म्हणजे गोष्ट ओळखीची आहे, नाव तेवढं नवं. विश्वासाचा तुटवडा आपल्याकडे नाही. असलाच तर थोडा जास्तच आहे, आणि माझी तक्रार नेमकी त्या जास्तीच्या विश्वासाबद्दल आहे.

आपल्याकडे जुनी म्हण आहे: राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची? म्हण करणाऱ्याने दोघांना एकाच पंगतीला बसवलंय. दोघांपुढे इलाज नाही, गुमान सोसायचं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत हवामानशास्त्राने जो पुरावा जमवला, त्याने खरं तर ही पंगत मोडली. पाऊस किती, त्यात माणसाने वाढवलेला वाटा किती, आणि जमिनीवर पडल्यानंतर त्याचं काय झालं, हे वेगवेगळं मोजता येऊ लागलं. आपण काय केलं? त्याच पुराव्याचा उपयोग करून दोघांना पुन्हा शेजारी बसवलं. रस्त्यात पाणी तुंबलं, हवामानबदल. भिंत कोसळली, हवामानबदल. ओढ्यात गाड्या वाहून गेल्या, हवामानबदल. पूर्वी देवाची करणी म्हणत असू, आता जरा शिकलेला शब्द वापरतो. राजा आहे तिथेच आहे, पावसाच्या आडोशाला उभा.

हा पुरावा काही एका दिवसात उभा राहिलेला नाही. कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो हे जॉन टिंडलने 1859 च्या सुमारास प्रयोगशाळेत दाखवलं. स्वान्ते अर्रेनियसने 1896 मध्ये हातानेच आकडेमोड करून सांगितलं की हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी काही अंशांनी तापेल. हवाईच्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंगने 1958 पासून हवा मोजायला सुरुवात केली, तेव्हा दहा लाख भागांत सुमारे 315 भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो 420 च्या वर आहे. संयुक्त राष्ट्रांचा आयपीसीसी हा शास्त्रज्ञांचा गट 1988 चा. त्यांच्या अहवालांतले नुसते शब्द बघा. तापमानवाढीला माणूस कारण असल्याची खात्री 2001 मध्ये 66 टक्क्यांच्या वर, 2007 मध्ये 90 च्या वर, 2013 मध्ये 95 च्या वर. 2021 मध्ये टक्केवारीच सोडून दिली आणि लिहिलं: निर्विवाद. आपला शब्द एकेक पायरी तपासत वर नेणारी अशी मंडळी सार्वजनिक जीवनात क्वचितच दिसतात. आपल्याकडे तर पहिल्याच पत्रकार परिषदेत शंभर टक्के.

या जिन्याच्या काही पायऱ्या पुण्यात घडल्या, याचा आपल्याला पत्ता नसतो. शिवाजीनगरला रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की तो बिनबोभाट चौकात आणून सोडतो. सिमल्याचा इथे काय संबंध, हे कुणी विचारत नाही. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, नाव तेवढं डोंगरावरचं राहिलं. पाषाणची संस्था 1962 ची, पी. आर. पिशारोटी तिचे पहिले संचालक. याच संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांचे सहकारी यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या टोकाच्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. या पावसाचं इंधन अरबी समुद्रावरून येतं, आणि समुद्र तापलाय. मग 2020 मध्ये संस्थेच्या पुढाकाराने भारताच्या हवामानबदलाचा पहिला सविस्तर अहवाल निघाला. त्यातली एक जोडी मला कुठल्याही भाषणापेक्षा मोलाची वाटते. 1951 ते 2015 मध्ये देशाचा मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला. आणि साधारण त्याच काळात मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या.

चहाच्या टपरीवर ‘पाऊस वाढलाय’ आणि ‘पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही’ अशी भांडणं होतात, तेव्हा दोघंही बरोबर असतात. एकूण कमी झाला आणि एकदम पडायला लागला. ज्याचा वर्षाचा पगार थोडा कमी झाला आणि तोही अकरा महिने अर्धवट नि एका महिन्यात पोतंभर असा मिळू लागला, त्याच्या घरखर्चाचं जे होईल तेच शेताचं होतं, धरणाचं होतं, गटाराचं होतं. जुन्नरचा टोमॅटोवाला आणि पुरंदरचा अंजीरवाला हे कुठलाही अहवाल न वाचता सांगतो, फक्त मिलिमीटरमध्ये सांगत नाही. मृगाने दगा दिला, हस्ताने झोडपलं, असं सांगतो.

आणि तरी दरवर्षी एप्रिलमध्ये बातमी येते: ‘यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस’. सगळ्यांचा जीव भांड्यात. ही सरासरी कुठली, हे कुणी विचारत नाही. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी 1951 ते 2000 या काळावरून काढली तर 89 सेंटिमीटर येते. 1961 ते 2010 वरून काढली तर 88, आणि हल्ली वापरतात ती 1971 ते 2020 ची, 87. यात निसर्गाचे आपले दीर्घ चढउतारही आहेत, हवामान खातं तसं स्पष्ट सांगतं. दर दहा वर्षांनी फूटपट्टी बदलण्यातही गैर काही नाही, जगभर तसंच करतात. पण ‘सरासरीइतका’ हा शब्द कानावर पडला की आपल्याला वाटतं, आजोबांच्या वेळेइतका. शिवाय सरासरी कधी पडला ते सांगत नाही. जूनभर कोरडा आणि जुलैच्या एका आठवड्यात सगळा हिशेब चुकता, तरी शंभर टक्के. याच खात्याने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या तारखाही सुधारल्या. वायव्य राजस्थानातून परतीची सुरुवात पूर्वी 1 सप्टेंबरला धरत, ती आता 17 सप्टेंबरला धरतात. गणपती गेले की पाऊस गेला, हे आपल्या घराघरातलं गणित आता बसत नाही. आंबील ओढ्याचा पूर आला तो 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री. मांडवाचा राडा झाला तो 25 सप्टेंबर 2024 ला. तारीख जुळली हा योगायोग, महिना जुळला तो तेवढा योगायोग नाही.

आंबील ओढ्याबद्दल थोडं थांबून बोलावं लागेल. पुण्याच्या मनात पूर म्हणजे पानशेत. 12 जुलै 1961. बांधकाम पुरं न झालेलं धरण फुटलं, खाली खडकवासला गेलं, आणि मुठा शहरात शिरली. नदीकाठच्या पेठांत अजून वयस्कर माणसं हात उंचावून दाखवतात, ‘पाणी इथवर होतं’. ती पुण्याची फूटपट्टी झाली. फूटपट्टी खरी, पण ती धरण फुटण्याची आहे, पावसाची नाही. तिने आपल्याला नकळत दोन गोष्टी शिकवल्या: पूर नदीतून येतो, आणि तो आयुष्यात एकदा येतो. कात्रजच्या डोंगरातून निघून सहकारनगर, दांडेकर पुलाकडून मुठेला मिळणारा ओढा या फूटपट्टीत कुठे बसतच नव्हता. 2019 च्या त्या रात्री धरण फुटलं नाही. डोंगरउतारावर थोड्या वेळात फार पाऊस पडला, ओढ्याला जायला जागा उरली नव्हती, आणि सीमाभिंती कोसळल्या. पुणे शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसं गेली. सकाळी गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या. टांगेवाला कॉलनीतल्या लोकांना ‘तुम्ही पूररेषेत राहता’ असं आदल्या दिवशी कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी नदी कुठेय ते विचारलं असतं.

पूररेषेचं काय होतं हे मी जवळून पाहिलंय. आमची सोसायटी मुठेपासून फार लांब नाही. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढत गेला, दिवसात तो 35 हजार क्युसेकच्या आसपास पोचला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. आमच्याकडे त्या मानाने थोडक्यात निभावलं. पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटपर्यंत पाणी, विजेचे मीटर बुडालेले, लिफ्टच्या खड्ड्यात तळं. दोन महिन्यांनी सर्वसाधारण सभा झाली. विषय पाचवा: मीटरचं पॅनेल उचलून पोटमाळ्याच्या उंचीवर नेणे आणि त्यासाठी सिंकिंग फंडातून, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांतून, खर्च करणे. (या फंडाचं नाव इतकं समर्पक कधी वाटलं नव्हतं.)

खजिनदार म्हणाले, “शंभर वर्षांतून एकदा येणारं पाणी होतं ते. आलं, गेलं. पुढचं आता नातवंडं बघतील.” हशा झाला. चौथ्या मजल्यावरच्या एकांनी विचारलं, आमच्या घरात थेंब आला नाही, आम्ही पैसे का द्यायचे? तळमजल्यावरच्या काकू शांतपणे म्हणाल्या, “लाइट गेली की पहिला फोन तुमचाच येतो.”

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांत पक्के. चूक त्यांची नव्हती, चूक त्या वाक्याची आहे. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमची इमारत दोन्हींच्या मधे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हटलं की आपल्याला कुंभमेळ्यासारखं वाटतं, एकदा झाला की पुढची पाळी यायला बराच अवकाश. पुराला असली पाळी नसते. त्याचा अर्थ एवढाच की दरवर्षी एक टक्का शक्यता, गेल्या वर्षी आला असला तरी यंदा पुन्हा एक टक्काच. आता हा एक टक्का गृहकर्जाच्या वीस वर्षांवर पसरून बघा. वीस वर्षांत निदान एकदा लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता होते 18 टक्के. सापशिडीत एका टाकात सहा पडण्याची असते त्याहून थोडी जास्त. निळ्या रेषेचं तेच गणित केलं तर 56 टक्के येतात. म्हणजे हप्ते फिटायच्या आत पाणी दारात येईल यावर पैज लावली तर जिंकण्याची शक्यता जास्त. कर्जाच्या कागदांचा एवढा गठ्ठा सह्या करून दिला, त्यात आग, भूकंप, हप्ता चुकला तर व्याज, सगळं होतं. हा आकडा कुठे नव्हता.

आणि हे झालं पाऊस आजोबांच्या वेळचाच आहे असं धरून. रेषा आखतात त्या मागच्या नोंदींवरून. टोकाचा पाऊस वाढत चालल्याचं आपल्याच शहरातली संस्था सांगत असेल, तर जुन्या नोंदींवरून काढलेली शंभर वर्षं अजून शंभरच राहिली आहेत का? मध्य भारताचा तिपटीचा आकडा उचलून मुठेच्या खोऱ्याला चिकटवता येणार नाही, तसं करणं अडाणीपणाचं होईल. पण प्रश्न विचारता येतो आणि त्याचं उत्तर काढता येतं, ते काढणारी माणसं पाषाणला आणि शिवाजीनगरला बसलेली आहेत. हवेचा पुरावा आणि जमिनीवरची रेषा यांची गाठ पडत नाही, हे माझं मुख्य गाऱ्हाणं आहे.

ती पडत नाही, याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. रेडिओवर ऐका: ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’. ऐकणारा ‘तुरळक’ ऐकतो आणि छत्री घरी ठेवतो. हवामान खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. शब्द पसाऱ्याचा आहे, जोराचा नाही. ज्या चारांतल्या एका ठिकाणी तो पडेल तिथे पाऊस तुरळक असणार नाही, तिथे ओढा रस्त्यावर येईल. ‘शक्यता’ या शब्दाचंही तसंच. वीस टक्क्यांना शक्यता, ऐंशी टक्क्यांनाही शक्यता. मराठीत दाट शक्यता आहे, अंधुक शक्यता आहे, पण आपण त्या वापरायचा आळस करतो. हा दोष फक्त मराठीचा नाही. डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये आयपीसीसीच्या अहवालातली वाक्यं सर्वसामान्य वाचकांना दिली होती. शास्त्रज्ञांनी नव्वद टक्क्यांहून जास्त या अर्थाने वापरलेला शब्द वाचकांनी बराच खाली, मधल्या आकड्यांकडे ओढून वाचला. पुरावा वाढला म्हणून शास्त्रज्ञ पायरी चढले, वाचक मधल्या पायरीवर बसून राहिला.

मग एक शब्द असा, जो आपण अगदी उदारपणे वापरतो: ‘ढगफुटीसदृश’. हा मराठी पत्रकारितेचा खास शोध असावा. ढगफुटीची व्याख्या आहे, थोडक्या भागावर तासाभरात 100 मिलिमीटर. ‘ढगफुटीसदृश’ची व्याख्या नाही, आणि तिचा उपयोगच त्यामुळे आहे. तासाला चाळीस पडला तरी सदृश. कुठल्याही तुंबलेल्या चौकात उभं राहून हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न मिटतात. गटार साफ केलं होतं का, पावसाळी वाहिनीवर बांधकाम कसं झालं, सगळं त्या शब्दात बुडतं. तासागणिक पावसाचे आकडे वॉर्डनिहाय लोकांसमोर असते तर हा शब्द एवढा टिकला नसता. आपल्याला मिळतो तो सकाळी साडेआठला मोजलेला चोवीस तासांचा आकडा, तोही बहुतेकदा शिवाजीनगरचा. साठ मिलिमीटर रात्रभर रिपरिप पडला काय आणि दीड तासात कोसळला काय, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन्ही साठच. कात्रजचा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून ‘शिवाजीनगर 4 मिमी’ वाचतो आणि विज्ञानाला शिव्या घालतो. त्याला दोष कसा देणार?

दुसऱ्या बाजूचे लोकही मला पटत नाहीत, हे सांगितलं पाहिजे. शहरात एक मोठा गट असा आहे ज्याला हवामानबदल हा शब्दच बिल्डर आणि नगरसेवकांनी काढलेली पळवाट वाटते. ते म्हणतात, पाऊस होता तसाच आहे, काँक्रीट वाढलं. त्यांचा राग मला कळतो, ओढ्यांचं काय झालं ते मीही बघतोय. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात बाष्प धरायची ताकद सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. हे भौतिकशास्त्र आहे, ते कुणाच्या पळवाटीसाठी जन्माला आलेलं नाही. जुलै 2024 मध्ये वायनाडला दरडी कोसळल्या. त्यानंतर वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या गटाने हिशेब मांडला की त्या दिवशीचा पाऊस माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे सुमारे 10 टक्के जास्त होता. एवढाच? असं वाटतं खरं. पण गॅसवरचं दूध उतू जातं ते शेवटच्या बोटभराचं. पातेलं आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर दहा टक्के म्हणजे सगळा ओटा. पातेलं भरून ठेवणारा हात आणि आच वाढवणारा हात, दोन्ही मोजायचे. नवा पुरावा हेच करू देतो, आणि दोन्ही बाजूंना नेमकं हेच नकोय. एकाला सगळं आचेवर ढकलायचंय, दुसऱ्याला सगळं पातेल्यावर.

बरं, हे दोन हात आपल्या टप्प्यात सारखे नाहीत. जगाची आच पुणे महापालिका एकटी कमी करू शकत नाही. 2024 हे वर्ष औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा सुमारे दीड अंशाने तापलेलं निघालं, त्यात आपल्या शहराचा वाटा कणभर. पातेलं मात्र पूर्ण आपलं आहे. ओढ्याची रुंदी, नदीपात्रातला भराव, टेकड्यांवरची बांधकामं, मीटर कुठे बसवायचा, धरणातून पाणी सोडण्याआधी भोंगा किती वाजता वाजवायचा, हे कुठल्याही आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरत नाही. म्हणून पाऊस जास्त कोसळणार हे जितकं पक्कं होत जाईल, तितकी राजाची जबाबदारी वाढते. अचानक आलं, कल्पना नव्हती, हे 1961 मध्ये म्हणता आलं असतं. 2017 चा शोधनिबंध आणि 2020 चा अहवाल याच शहरातून निघाल्यावर ते म्हणता येत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की नवे नकाशे काढले, प्रत्येक वॉर्डाचा धोका जाहीर केला, तर घबराट होईल आणि जागांचे भाव पडतील. घबराटीचं मला फारसं खरं वाटत नाही. ज्यांच्या पार्किंगमध्ये पाणी येऊन गेलंय त्यांना नकाशा बघून नवं काय कळणार? भावांचं मात्र खरं आहे. भाव पडतील. पण ते आजही कुणीतरी सोसतंच आहे, फक्त न कळता सोसतंय: वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने विकून टाकलेला तळमजला ज्याने घेतला तो, किंवा ओढ्याच्या कडेला भाड्याने राहणारी घरकाम करणारी बाई, जिच्याकडे ना सिंकिंग फंड ना विमा. माहिती दडवली म्हणून धोका घटत नाही, तो कमी माहिती असलेल्याच्या गळ्यात पडतो. घर विकताना सातबारा, एनए, भोगवटा प्रमाणपत्र दाखवतो, तसा पूररेषेचा उतारा आणि तो कुठल्या सालच्या नोंदींवरून काढलाय हे दाखवायला काय हरकत आहे? सालाची अट मुद्दाम घालतोय. सगळी मेख तिथे आहे.

संशोधकांकडेही माझं एक मागणं आहे, जरा भीत भीत. मे 2025 मध्ये पाषाणच्याच संस्थेने विकसित केलेली अंदाजाची नवी प्रणाली आली, ती सहा किलोमीटरच्या चौकटीत देशाचं हवामान बघते. पूर्वीची चौकट बारा किलोमीटरची होती. ही मोठी झेप आहे. सहा किलोमीटरमध्ये कात्रज वेगळं आणि शिवाजीनगर वेगळं दिसू शकतं. पण ही बातमी आपल्यापर्यंत पोचली ती संगणकाच्या ताकदीची बातमी म्हणून. धनकवडीतल्या माणसाला त्याने आता काय वेगळं करायचं, हे सांगायला कुणीतरी मराठीत, आकड्यासकट आणि ‘दाट’ की ‘अंधुक’ ते स्पष्ट करून बोललं पाहिजे. काही शास्त्रज्ञ हल्ली ते करतात, समाजमाध्यमांवर रात्री-अपरात्री लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसतात. त्यांच्या नोकरीच्या कामात ते मोजलं जातं की नाही, देव जाणे.

आमच्या सभेत मी ते वीस वर्षांचं गणित फळ्यावर मांडलं. खजिनदारांनी खिशातून फोन काढून स्वतः गुणाकार केला, दोनदा, आणि म्हणाले, “अठरा येतात खरे.” मीटर वर नेण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात चौथा मजला पूर्ण.

विषय सहावा होता दिवाळीआधी पार्किंगची रंगरंगोटी. काकूंनी पाणी ओसरल्या दिवशीच मधल्या खांबावर ऑइल पेंटने एक आडवी रेघ ओढून खाली ‘25-7-24’ लिहून ठेवलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, ते आधी पुसून टाकू, दोन फ्लॅट विकायला निघालेत, बघायला येणाऱ्यांना उगाच शंका येते. काकू म्हणाल्या, “रंगवा की. खांब रंगवा, रेघ सोडून.” त्यावर बराच वेळ वाद झाला, चहा आला, आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. रेघ अजून आहे. तिच्या खाली हल्ली कुणीतरी दुसरी एक बारीक रेघ पेन्सिलने ओढलीय, तारखेशिवाय.